पाचव्याच्या खाली

१

आठवड्याचे सहा दिवस मास्तर लोकांना गाडी हळू चालवायला शिकवीत आणि सातव्या दिवशी स्वतः जिवावर उदार होऊन पळवीत. एकोणतीस वर्षं हेच चाललं होतं. ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे गल्लीच्या टोकाची एक खोली. भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता, चार खुर्च्या, त्यातली एक कायम डुगडुगणारी. तिच्यावर कोण बसतो यावरून माणूस किती घाबरट आहे ते कळतं, असं मास्तर म्हणत. घाबरट माणूस उठून दुसऱ्या खुर्चीवर बसतो.

शिकवायच्या गाडीत ते डावीकडे बसत. त्या बाजूलाही त्यांच्या पायाशी क्लच आणि ब्रेक बसवलेले होते आणि त्यांचा उजवा हात कायम गिअरच्या दांड्यापासून वीतभर अंतरावर असे. शिकाऊ चुकला की हात आपसूक पुढे होई. शर्यतीच्या गाडीत ते उजवीकडे बसत, तेव्हा गिअरचं काम डाव्या हाताकडे. 'उजवा हात सांभाळणारा, डावा पळवणारा' असं ते गमतीनं सांगत.

या डाव्या हाताचा खरा मालक निराळाच होता. शर्यतीत इंजिनाच्या काट्याकडे बघायला सवड नसते. बघायला जावं तर वळण अंगावर येतं. म्हणून काडेपेटीएवढी एक डबी बसवलेली असते. इंजिनाचे फेरे ठरल्या आकड्याला पोचले की हेल्मेटमध्ये कानाशी बारीक 'पीप' येतो. आला की वरचा गिअर टाकायचा. विचार करायचा नाही. मिस्त्रीनं त्या डबीचं नाव पिपाणी ठेवलं होतं आणि ते सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं.

पाचव्या गिअरला मात्र पिपाणी मुकी होई. ही मिस्त्रीची स्वतःची पद्धत. त्यासाठी त्यानं एक निराळी तार ओढली होती. "शेवटचा गिअर म्हणजे शेवटचा," तो म्हणे. "तिथं वाजवून हाताला खाज कशाला आणायची?" पहिला वर, दुसरा खाली, तिसरा वर, चौथा खाली, पाचवा वर. हाताला पुढची ओढ खालचीच असणार. आणि पाचव्याच्या खाली रिव्हर्स होता.

२

त्या सोमवारी मास्तर गॅरेजमध्ये गेले ते गाडी लेकीच्या हवाली करायचं बोलायला. डावा खांदा दोन वर्षांपासून कुरकुरत होता, हल्ली तर शर्ट घालतानाही कळ उठे. हंगामाची शेवटची शर्यत लेकीनं चालवायची, असं घरात ठरलं होतं. ती तेवीस वर्षांची होती आणि या दिवसाची वाट ती दहाव्या वर्षापासून बघत होती.

मिस्त्रीनं हात पुसले आणि खणातून एक पुडी काढली.

"भाऊ, पिपाणी दुरुस्त होऊन आली बघा."

"कुठली पिपाणी?"

"आता कुठली म्हणजे? आपलीच. बिघडली म्हणून काढून पाठवली नव्हती का? तीन शर्यती झाल्या की तिच्याशिवाय." मग तोच जरा ओशाळला. "तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं, खरं तर. पण तुम्ही काही बोलला नाहीत, म्हटलं काट्यावर चालवताय."

मास्तरांनी पुडी हातात घेतली. गेल्या रविवारी प्रत्येक फेरीत, प्रत्येक गिअरला त्यांनी पिपाणी ऐकली होती.

"झकास चालवताय पण," मिस्त्री म्हणाला. त्यानं इंजिनाच्या नोंदीचा कागद समोर धरला. सगळे गिअर एकाच आकड्यावर बदललेले, पट्टी लावून रेघ मारावी तसे. "काटा बघून इतकं नेमकं तर मी जन्मात पाहिलं नाही कुणाचं."

"हो," मास्तर म्हणाले. "काट्यावरच चालवतोय."

थाप का मारली, ते त्यांनाही चटकन कळलं नाही. घरी जाताना कळलं. कानात आवाज होतात असं एकदा तोंडातून गेलं की डॉक्टर, मग परवाना, मग स्कूल. पोटावर पाय यायला एवढं पुरतं. त्यांनी पिपाणी शर्टाच्या खिशात ठेवली आणि लेकीच्या गाडीला ती सध्या लावू नको, असं मिस्त्रीला फोनवर सांगून टाकलं.

३

मास्तर भोळसट नव्हते. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तरी दोन दिवस टिकटिक ऐकू येतेच की माणसाला. एकोणतीस वर्षं ऐकलेला आवाज कान पदरचा घालणारच. असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि ते पटलंही.

पण घड्याळाची टिकटिक घड्याळाच्या भिंतीकडूनच येते. पिपाणी बुधवारी स्कूलच्या खोलीत वाजली, तीही खिळ्याला टांगलेल्या हेल्मेटमधून. खोलीत कुणी नव्हतं. मास्तर पावत्यांच्या वहीवर शिक्का मारत होते. त्यांनी उठून हेल्मेट काढलं, आत हात घातला. अस्तर कोमट लागलं. खिडकीतलं ऊन त्याच भिंतीवर येतं हे त्यांनी स्वतःला सांगितलं; ऊन दोन तासांपूर्वी सरकून गेलं होतं.

गुरुवारी ती न्हाणीघरात वाजली, नळाखाली बादली भरता भरता. पाण्याचा आवाज चढत चढत गेला आणि एका ठरावीक उंचीला पीप. शुक्रवारी जेवताना वाजली आणि मास्तरांच्या डाव्या हातानं पाण्याचा पेला खाली ओढला. पाणी सगळं ताटात.

"अहो, हे काय?" बायको म्हणाली. तिनं पूर्वी हा हात झोपेतसुद्धा गिअर टाकताना पाहिला होता, म्हणून हसली. "जित्याची खोड..." असं म्हणाली आणि पुढचं न बोलताच फडकं आणायला उठली.

शनिवारी सकाळी बँकेतल्या एक बाई शिकायला होत्या. शिकवायची गाडी म्हातारी झाली होती. रिव्हर्स चुकून पडू नये म्हणून दांड्याला जी कडी असते, ती शिकाऊंच्या ओढाताणीनं केव्हाच निकामी झाली होती आणि दर महिन्याला 'पुढच्या महिन्यात बघू' होत होतं. चढ संपला तसा गिअर अलगद बदलला गेला.

"शाब्बास," मास्तर म्हणाले. "आज न सांगता जमलं."

"मी कुठे बदलला?" बाई म्हणाल्या. "तुम्हीच तर बदललात, सर. क्लचही तुम्हीच दाबलात."

मास्तर हसले. "सवय हो," ते म्हणाले. त्या बाईंना पुढच्या चौकात डावीकडे वळायचं होतं, ते मास्तरांनी दोनदा उजवीकडे सांगितलं.

४

गाडी लेकीला द्यायच्या आधी एकदा स्वतः फिरवून बघावी म्हणून ते रविवारी सरावाला गेले. आभाळ भरलेलं, मैदान जवळजवळ रिकामं. मिस्त्रीनं विचारलं, "पिपाणी लावू?" ते नको म्हणाले. ती त्यांच्या खिशातच होती.

तरी ती वाजली. दुसऱ्याला वाजली, तिसऱ्याला वाजली, चौथ्याला वाजली. इतकी नेमकी, इतकी ओळखीची, की तिसऱ्या फेरीत मास्तरांनी भांडणं सोडून दिलं. थकलेल्या माणसाला बरोबर असलेल्या गोष्टीशी झगडा करवत नाही. हात चालत होता, गाडी पळत होती. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं.

सातव्या फेरीत लांब सरळ रस्ता आला. पाचवा गिअर. इथं पिपाणी मुकी व्हायची, इथं त्यांना नेहमी दोन श्वास निवांत मिळत.

पीप.

हात निघाला. मनात काही येण्याआधी तळवा दांड्यावर होता आणि कोपर मागे खेचलं जात होतं. तेवढ्यात खांद्यात कळ उठली. मानेपासून मनगटापर्यंत आग झाली, बोटं ढिली पडली आणि दांडा जागच्या जागी राहिला.

गाडी आत आणून ते उतरले. मिस्त्रीला त्यांनी एकच प्रश्न विचारला: पाचव्यातून चुकून खाली ओढलं तर?

"आडवी पट्टी आहे की तिथं. पण ती शेवटी पत्र्याचीच. जोर केला तर वाकते." मिस्त्रीनं डोकं खाजवलं. "बहुतेकदा गिअर घुसतच नाही भाऊ, नुसता किंचाळतो. घुसलाच तर दात तुटतात, गिअरचा डबा आवळला जातो, चाकं जागीच थांबतात. गाडी थांबत नाही." मग त्यानं मास्तरांकडे नीट पाहिलं. "का हो?"

"सहज," मास्तर म्हणाले.

दुखऱ्या खांद्यानं वाचवलं होतं. लेकीचे खांदे ठणठणीत होते.

५

भीती त्यांना स्वतःची वाटली नाही. जे वाटलं ते निराळं आणि वाईट होतं, कारण लेकीचा हात त्यांनीच घडवला होता.

ती दहा वर्षांची असताना स्वयंपाकघरात स्टुलावर बसवून त्यांनी सुरुवात केली. रिकाम्या डब्यात लाकडी चमचा उभा करायचा, तो गिअरचा दांडा. मास्तर पिपाणी वाजवत, लेक चमचा ओढी. सुरुवातीला ती आधी बघे, मग ओढी. "बघू नकोस. विचार करू नकोस. ऐकलं की हात." रोज संध्याकाळी शंभर वेळा. बायको म्हणे, पोरीचं माकड करताय. वर्षभरात पिपाणी आणि हात यांच्यामध्ये काही उरलंच नाही. मास्तरांनी तेव्हा अभिमानानं चार लोकांना घरी बोलावून दाखवलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच असावं.

आता शर्यतीला सहा दिवस होते. त्यांनी तोच डबा शोधून काढला.

"बस," ते म्हणाले. "मी वाजवीन. तू हात हलवायचा नाही."

लेक हसली. "उलटी शाळा?"

"हस नंतर."

त्यांनी पिपाणीला बॅटरी जोडली. पीप. चमचा खाली. पीप. चमचा वर. चौथ्यांदा तिनं मांडीखाली हात दाबून धरला, तरी खांदा उडालाच.

"जमत नाही हो बाबा," ती म्हणाली. "तुम्हीच तर शिकवलंत. पण हे कशासाठी चाललंय? गाडीत पिपाणी नाहीच म्हणालात ना तुम्ही?"

"नाहीच."

"मग झालं तर. मी काट्याकडे बघून चालवणार. आठवडाभर तेच घोकतेय." ती जवळ आली आणि त्यांच्या खांद्यावर हलकेच हात ठेवून म्हणाली, "तुम्ही थकलाय. एवढी शर्यत होऊ दे, मग झोपा महिनाभर."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मास्तरांच्या जिभेवर आलंही होतं. पण तेरा वर्षं वाट बघितलेल्या पोरीला काय सांगणार, की नसलेली पिपाणी वाजते, म्हणून तू जाऊ नकोस? बापाचा कान गेला आणि त्यापायी माझी शर्यत गेली, असंच ती म्हणाली असती. त्यांनी डबा उचलून फळीवर ठेवला. आतल्या आत त्यांनी आशा धरली की वाजते ती फक्त आपल्यालाच.

६

शर्यतीच्या सकाळी लेक सरावाच्या पाच फेऱ्या मारून आली. हेल्मेट काढलं तेव्हा तिचे केस कपाळाला चिकटले होते आणि चेहरा असा फुलला होता की मास्तरांना ती पुन्हा दहा वर्षांची दिसली.

"शेवटी लावलीतच ना बाबा?" ती म्हणाली. "किती स्पष्ट वाजते! उगाच मला काट्याचा धाक घातलात."

मिस्त्री टायर बघत होता. त्यानं मान वर केली. "काय लावलं?"

मास्तरांनी खिशावर हात ठेवला. डबी तिथंच होती, तारा गुंडाळलेली.

"पाचव्यात?" त्यांनी विचारलं.

"पाचव्यात कशी वाजेल?" ती क्षणभर थांबली. "एकदा वाजल्यासारखं वाटलं खरं. सरळ रस्त्याच्या शेवटी."

"मग हात?"

"हात जागेवर. पाचव्याच्या खाली ओढायला मी काय वेडी आहे?"

मास्तर तिच्या तोंडाकडे बघतच नव्हते. तिचा डावा हात त्यांच्या नजरेसमोर होता. बोलता बोलता तो मांडीवर आपला आपण उघडत होता, मिटत होता. नवख्यांचे हात सरावानंतर असेच थरथरतात. त्यांचा स्वतःचाही थरथरला होता, पहिल्या वर्षी. पण ते आत्ता त्यांना आठवलं नाही.

७

दुपारी गाड्या रांगेला लागायच्या आधी सगळे सावलीला गेले. मास्तरांनी पक्कड घेतली, गाडीखाली सरकले आणि क्लचची नळी तोडली. काळं तेल त्यांच्या बाहीवर ओघळलं. बाहेर आले तर समोर मिस्त्री उभा.

एकोणतीस वर्षांत मास्तरांनी त्या गाडीला कधी ओरखडा लावून घेतला नव्हता.

"मी काही पाहिलं नाही," मिस्त्री अखेर म्हणाला. "पण भाऊ, पोरीला काय सांगाल?"

लेकीला काही सांगावं लागलंच नाही. तिनं तुटलेली नळी पाहिली, मग बापाची बाही पाहिली. गाड्या सुटल्याचा गडगडाट झाला तेव्हा तिघं तिथंच उभे होते.

"तुम्हाला बघवलं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला जमेनासं झालं, म्हणून मलाही नको."

"तसं नाही गं राणी. ती वाजते. पाचव्यात वाजते. मला वाजली, तुलाही वाजली. तुझा हात..."

"माझ्या हाताचं मी बघते!" तिचा आवाज फाटला. "वाजली, मी ऐकली आणि सोडून दिली. तेवढी अक्कल आहे मला. तुमच्याकडून सगळं शिकले बाबा, पण एवढं माझं मी शिकले."

तिनं डोळे पुसले, हातमोजे काढून मिस्त्रीच्या हातात दिले आणि चालू लागली. मास्तरांना तिचा राग समजत होता. त्यांना वाईट वाटत होतं आणि तरी आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटत होतं. रुसेल, वर्षभर बोलणार नाही, पण असेल.

८

शर्यतीची गाडी मिस्त्रीबरोबर ट्रकवर गेली. घरी परतायला शिकवायची गाडी होती. मास्तरांचा खांदा आखडला होता, म्हणून चालवायला लेक बसली. ते आपल्या नेहमीच्या जागी, डावीकडे.

तिन्हीसांजेला अजून वेळ होता. रस्ता रुंद आणि उताराचा, पुढे-मागे मालाचे ट्रक. मागच्या काचेला लावलेला 'शिकाऊ'चा फलक खडखडत होता. खिशातली डबी मास्तरांनी निघतानाच नाल्यात फेकून दिली होती.

"वेडी नाहीये मी," ती एकदा म्हणाली.

"नाहीसच," ते म्हणाले.

तिनं पाचवा टाकला. उतारानं गाडीला वेग आला, इंजिनाचा सूर हळूहळू चढत गेला. बादली भरते तसा, असं मास्तरांच्या मनात आलं. त्यांनी तिच्या हातांवर नजर ठेवली.

पीप.

दोघांनीही ऐकली. तिची मान किंचित वळली, तेवढ्यावरून त्यांना कळलं.

"ऐकलंत?" ती म्हणाली. आवाजात भीती होती, पण फारशी नव्हती. "बघा. माझे हात बघा, बाबा."

त्यांनी पाहिले. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. डावा हात तर इतका निवांत, की अंगठा वर उचलून तिनं त्यांना दाखवला. रोज शंभर वेळा, वर्षभर, स्टुलावर बसवून जे घातलं होतं, ते या पोरीनं एकटीनं काढून टाकलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. शाब्बास म्हणावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

इंजिन एकदम मोकळं होऊन किंचाळलं.

"क्लच कुणी दाबला?" लेक म्हणाली. तिनं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग त्यांच्या पायाकडे पाहिलं. मग दोघांच्या मधे पाहिलं आणि शिकाऊ माणसाशी बोलावं तशी, अगदी सावकाश म्हणाली, "बाबा. हात काढा."

मास्तरांनी खाली पाहिलं. उजवा हात दांड्यावर होता. सांभाळणारा हात. बोटांची पेरं पांढरी पडली होती आणि दांडा पाचव्यातून निम्मा बाहेर आला होता. पुढचा ट्रक जवळ येत होता. त्यांनी डाव्या हातानं आपलंच मनगट घट्ट धरलं आणि सगळा जोर लावून वर रेटलं.

डाव्या खांद्यात नेहमीची कळ उठली आणि मनगटावरची पकड सुटली.